बाबारावांचा हर्निया

खोटं बोलायचंच होतं तर बाबारावांना मोतीबिंदू म्हणता आलं असतं, दाढ म्हणता आलं असतं. पण पट्टी जिथे बांधली जाणार होती तिथे ना डोळा असतो ना दाढ. म्हणून एका सकाळी जेवताना, भातावर वरण ओढून घेत, त्यांनी प्रेमलताबाईंना सांगून टाकलं, "डॉक्टर म्हणते हर्निया आहे. छोटंसं ऑपरेशन करा लागते." आणि लगेच लोणचं मागितलं, म्हणजे विषय बदलला.

खरं काय होतं ते आता सांगतो. तुमच्यापाशीच ठेवा. (ठेवणार नाही, मला माहीत आहे.)

साडेतीन वर्षांपूर्वी बाबारावांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. वेळेत निघाला, ऑपरेशन करून काढून टाकला, आणि आता दर सहा महिन्यांनी रक्त तपासलं की डॉक्टर सांगायचे, "काका, रिपोर्ट शून्य. मजा करा." या शून्यावर प्रेमलताबाई प्रताप नगरात दर खेपेला पेढे वाटत. पण त्या ऑपरेशनने बाबारावांची आणखी एक गोष्ट शून्यावर आणून ठेवली होती, आणि तिचे पेढे वाटण्यासारखे नव्हते. मजा करा म्हणणं सोपं आहे. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, काही फरक नाही. आणि त्याच सुमारास प्रेमलताबाईंनी आपलं अंथरूण उचलून मधल्या खोलीत नेलं.

का नेलं ते त्या बोलल्या नाहीत. बाबारावांनीही विचारलं नाही. त्यांना वाटलं, विचारायचं काय त्यात? चाळीस वर्षं हाताच्या अंतरावर झोपलेली बाई भिंतीपलीकडे गेली, म्हणजे कारण एकच. बाबाराव पाणीपुरवठ्यातले. एकतीस वर्षं खांद्यावर लांब चावी टाकून वस्त्यांचे व्हॉल्व्ह उघडले आणि बंद केले. नळाला प्रेशर नसलं की माणसं बादली उचलून दुसरीकडे जातात, हे त्यांच्याइतकं कोणी पाहिलेलं नव्हतं.

तेव्हापासून त्यांच्या मनात एकच गोष्ट ठसठसत होती. प्रेमलता परत आपल्या खोलीत यावी. बस.

म्हणून डॉक्टरांनी जेव्हा इम्प्लांटचं सांगितलं, तेव्हा बाबाराव खुर्चीत सरळ झाले. आत दोन नळ्या, पोटात पाण्याची लहानशी पिशवी, आणि खाली अंडकोशात एक पंप. पंप दाबला की पाणी नळ्यांत चढतं, कळ दाबली की परत पिशवीत उतरतं. बाहेरून कोणाला काही दिसत नाही. टाकी, लाइन, पंप, व्हॉल्व्ह! (तीन वर्षांत पहिल्यांदा डॉक्टर त्यांच्या खात्याची भाषा बोलले होते.)

"पण काकूंना घेऊन या," डॉक्टर म्हणाले. "हे दोघांनी मिळून ठरवायचं असतं."

"तिले सगळं सांगतलं आहे," बाबाराव म्हणाले. "तिचे गुडघे दुखते, म्हणून नाही आली."

तर हे दुसरं खोटं. त्यांचा बेत असा होता की आधी सगळं नीट बसवावं, चालवून पाहावं, आणि मग बाईंना एकदम चकित करावं. वस्तीत नवी लाइन टाकताना ते लोकांना असंच आधी काही सांगत नसत.

ऑपरेशन झालं. प्रेमलताबाई दोन्ही वेळा डबा घेऊन आल्या. दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी सिस्टर म्हणाली, "सहा आठवडे काकांनी काही करायचं नाही हां."

"टेन्शन नका घेऊ बाई," प्रेमलताबाई म्हणाल्या. "साठ वर्षांत नाही केलं त्यायनं काही. पाण्याचा गिलास नाही उचलत."

आणि घरी सुरू झाली हर्नियाची सेवा. उशी पाठीशी, उशी गुडघ्याखाली. बादली उचलायची नाही, खोकायचं तर पोटावर हात धरून खोकायचं. शेजारच्या शोभाताई पपई घेऊन आल्या आणि त्यांच्या मामेसासऱ्यांचा हर्निया सविस्तर सांगून गेल्या. बाबाराव पपई खात होते आणि खाली पाहत होते. कॅन्सरच्या वेळी याच बाईने लघवीची पिशवी रिकामी केली होती, रात्री दोनदा चादर बदलली होती, आणि एकदाही तोंड वाकडं केलं नव्हतं. आता ती खोट्या हर्नियाला खरं सूप करून पाजत होती. प्रत्येक वाटी मागच्या वाटीपेक्षा जड लागायची.

दोन-तीनदा त्यांनी तोंड उघडलं.

"प्रेमा, ऐक न वं."

"काय जी? दुखून राहिलं का?"

"नाही. मीठ कमी आहे."

सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी पंप वापरायला शिकवला. रोज सकाळी सराव करायचा. चढवायचं, दहा मिनिटं ठेवायचं, उतरवायचं. चढवणं बाबारावांना पहिल्याच दिवशी जमलं. अडलं उतरवण्यापाशी. ती कळ चण्याएवढी, बोटाखालून सटकणारी. शहराचे व्हॉल्व्ह ज्या माणसाला चिखलात डोळे मिटून सापडत, त्याला स्वतःचा सापडेना. रोज अर्धा-पाऊण तास बाथरूममध्ये जायचा.

"साफ होऊन नाही राहिलं का?" दाराबाहेरून प्रेमलताबाई विचारत. "इसबगोल देऊ?"

"दे," आतून बाबाराव म्हणत. दुसरं काय म्हणणार?

ज्याची गरज नव्हती ते इसबगोल तीन आठवडे घेतल्यावर जे व्हायचं तेच झालं. आता त्यांना बाथरूममध्ये जायला दोन कारणं झाली.

अशात जूनच्या पहिल्या आठवड्यात कुहीहून प्रेमलताबाईंचा धाकटा भाऊ आला, आनंदराव. सोबत दहा किलो तांदूळ आणि चार वर्षं लपवलेला हर्निया. हा मात्र खरा, शर्टातून दिसणारा. धानाची रोवणी सुरू व्हायच्या आत उरकून टाकावं म्हणून बहिणीने फोन करकरून बोलावलं होतं. "भाऊजीले पाह्य, तिसऱ्या दिवशी चालाले लागले," असं तिने त्याला सांगितलं होतं.

आनंदरावांनी चहाच्या आधीच चौकशी सुरू केली.

"पोटात जाळी टाकली का भाऊजी?"

"टाकली."

"मोठी?"

"मध्यम."

"आता वजन उचलता येते?"

"उचलतो थोडं थोडं. सराव सुरू आहे."

"मले तुमचाच डॉक्टर पाह्यजे."

"तो तुह्या कामाचा नाही गा, आनंदराव. पोटाचा सर्जन वेगळा राहते. मी सांगतो दुसरा."

स्वयंपाकघरातून प्रेमलताबाई बाहेर आल्या. "सोताले चांगला डॉक्टर आन् माह्या भावाले दुसरा? काहून?"

या काहूनला उत्तर होतं, पण ते द्यायचं तर पहिल्यापासून द्यावं लागलं असतं. बाबारावांनी आनंदरावांसमोर ते दिलं नाही. ही त्यांची तिसरी चूक. (मी मोजणं इथे सोडतो.)

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबाराव सरावाला गेले. पाणी चढवलं. दहा मिनिटं झाली. कळ शोधू लागले, तेवढ्यात दार वाजलं.

"आम्ही निघून राहिलो," प्रेमलताबाई म्हणाल्या.

"कुठं?"

"तुमच्या डॉक्टरकडे. नंबर लावला मी."

"थांब. मी येतो."

"मंग या न बाहेर."

बाबाराव बाहेर येऊ शकत नव्हते. निदान मेहुण्यासमोर तरी नाही.

"पाच मिनिटं थांब वं."

"तुमचे पाच मिनिटं मले मालूम आहे. बसा आरामानं. पोटावर जोर नका देऊ."

फाटकाची कडी वाजली. ऑटो सुरू झाल्याचा आवाज आला आणि लांब गेला. बाबारावांची बोटं घामाने निसटू लागली. घाई केली की व्हॉल्व्ह हाती लागत नाही, हे खात्यातल्या नव्या पोरांना ते स्वतःच शिकवायचे. कळ सापडायला पंचवीस मिनिटं लागली. मग त्यांनी लांब कुर्ता घातला, स्कूटर काढली, आणि दोन सिग्नल असे ओलांडले की जणू ते त्यांच्यासाठी नव्हतेच.

तोवर डॉक्टरांच्या केबिनमध्ये काय झालं, ते पुढे आनंदरावांनी सांगितलं. (अजूनही सांगतात. कुहीत त्यांना त्यासाठी बोलावून चहा पाजतात.)

आनंदराव म्हणाले, "डॉक्टरसायब, भाऊजीचं जे केलं तेच माह्यं करा. बिलकुल सेम."

"तुमचंही प्रोस्टेट काढलंय का?"

"नाही जी. मले डायरेक्ट पाह्यजे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मिसेसशी बोललात?"

"तिले काय विचाराचं? तकलीफ माही, ऑपरेशन माहं."

"असं नसतं काका." आणि डॉक्टर प्रेमलताबाईंकडे वळले. "म्हणून मला तुमच्या मिस्टरांचं कौतुक वाटतं, काकू. प्रत्येक गोष्ट त्यांनी तुम्हाला विचारून केली. जमतोय ना आता पंप?"

"कोणता पंप?"

बिचाऱ्या डॉक्टरांना वाटलं, काकू भावासमोर लाजताहेत. त्यांनी ड्रॉवरमधून नमुना काढला आणि अगदी मनापासून, नळीपासून पिशवीपर्यंत, सगळं समजावून सांगितलं.

बाबाराव धापा टाकत केबिनच्या दारात पोचले तेव्हा तो नमुना प्रेमलताबाईंच्या हातात होता. त्यांनी पंप चारदा दाबला. नमुना उभा राहिला. मग लिंबू पारखावं तसा त्यांनी अंगठा फिरवला आणि एकदा दाबला. नमुना खाली बसला. पहिल्या झटक्यात.

आता या क्षणी शहाणा माणूस पाय धरतो. बाबाराव म्हणाले, "अवं, नेमकं कुठं दाबलं?"

प्रेमलताबाईंनी नमुना टेबलावर ठेवला. पदराला हात पुसले. डॉक्टरांना म्हणाल्या, "माह्या भावाले हर्निया आहे. खराच." आणि दारातल्या बाबारावांच्या बाजूने, त्यांच्याकडे न पाहता, बाहेर गेल्या.

डॉक्टरांनी आनंदरावांना पोटाच्या सर्जनची चिठ्ठी लिहून दिली. ऑटोत आनंदराव मध्ये बसले. (स्कूटर बाबारावांनी तिथेच सोडली. या वेळी ऑटो त्यांना सोडून जाऊ द्यायचा नव्हता.)

घरी आल्यावर आनंदराव समोरच्या खोलीतल्या दिवाणावर आडवे झाले. कूलर घरघरत होता. प्रेमलताबाईंनी चहा केला, दोन कप, आणि स्वयंपाकघरातल्या पाटावर बसल्या. बाबाराव दारात उभे राहिले. बसा म्हणून कोणी म्हटलं नाही.

"तुमची पिशवी मी बदलली," त्या म्हणाल्या. "तवा नाही लाजले मले."

"तवा जिवाचं होतं."

"आन् आता कशाचं होतं?"

बाबारावांनी कुर्त्याचं टोक पिळलं. "तू अंथरूण उचलून निघून गेली होती."

"मंग?"

"मंग काय? मले समजलं न. मी काही कामाचा नाही राहिलो, म्हणून गेली. म्हटलं, दुरुस्त करून घेतो, मंग येशीन."

प्रेमलताबाईंनी उचललेला कप खाली ठेवला. चहावर साय धरली.

"अवो," त्या म्हणाल्या, "तुम्ही घोरता."

"काय?"

"ते पिशवी लागली होती तवापासून उताणे झोपाले लागले. उताणे झोपले का घोरता. रस्त्यावरून रोलर चालल्यावानी. सहा महिने नाही झोपली मी. कुशीवर वळवावं म्हणून हात लावला तर तुम्ही माहा हात झटकला. दोनदा. तिसऱ्यांदा मी नाही लावला."

बाबारावांना ते आठवलं. चांगलंच आठवलं. खांद्यावर तो हात आला तेव्हा त्यांना वाटलं होतं, ती मागतेय, आणि आपल्यापाशी द्यायला काही नाही. म्हणून त्यांनी झोपेचं सोंग घेऊन तो दूर केला होता.

"मले वाटलं," प्रेमलताबाई भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "तुमालेच आता माहा हात नको. म्हणून गेली. वाटत होतं, एखाद्या दिवशी म्हणान, काहून गेली वं, ये इकडे. तीन वर्षं वाट पाह्यली. तुम्ही दोन शब्द नाही बोलले, आन् पोट कापून घेतलं."

 एकतीस वर्षांत बाबारावांनी असं कितीदा केलं होतं. पाणी येत नाही म्हणून आख्खी लाइन खोदून काढायची, आणि शेवटी कळायचं की घरमालकानेच कॉक बंद ठेवलाय. पण त्या खड्ड्यांवर माती टाकून घरी जाता येत असे. तीन वर्षं कुठल्या मातीने बुजवायची?

"चुकलं माह्यं," ते म्हणाले.

"चुकलंच," त्या म्हणाल्या, आणि उठून मधल्या खोलीत जाऊन पडल्या.

बाबाराव थोडा वेळ गार चहाच्या दोन कपांपाशी थांबले. मग मधल्या खोलीच्या दारात गेले. या दारात ते तीन वर्षांत कधी उभे राहिले नव्हते.

"इथं पडू का?"

 आतून बांगड्या वाजल्या. प्रेमलताबाई भिंतीकडे सरकल्या होत्या.

"पडा. पण कुशीवर."

बाबाराव कुशीवर पडले. थोड्या वेळाने त्यांच्या खांद्यावर हात आला. त्यांनी तो झटकला नाही. श्वाससुद्धा जपून घेतला. मनात आलं, आता काय? आता करायचं का काही?

"काही चढवू-बिढवू नका," पाठीमागून आवाज आला. "गप पडा."

ते गप पडले. तो हात तसाच राहिला, गरम, थोडा खरखरीत, लसणाचा वास असलेला. नऊ आठवड्यांत ऑपरेशन, पंप, सराव आणि इसबगोल यांनी जे झालं नव्हतं ते त्या हाताने झालं. बाबारावांच्या अंगातलं सगळं ओझं उतरलं. तीन वर्षांत लागली नव्हती अशी झोप त्यांना लागली.

जाग आली तेव्हा संध्याकाळचे पाच वाजून गेले होते. ते उताणे पडले होते, तोंड कोरडं, आणि शेजारी कोणी नव्हतं. प्रेमलताबाईंची उशी-चादरही नव्हती. ते उठून बाहेर आले. दिवाणावर आनंदराव कानात कापूस घालून बसले होते. त्यांनी बाबारावांच्या खोलीकडे बोट केलं.

तीन वर्षांनंतर प्रेमलताबाई परत आपल्या खोलीत आल्या होत्या. आतून कडी लावून.