चौथं डब्यात

देगलूरकर सर राउंडला येताना स्टेथोस्कोप विसरतील, पण स्टीलचा डबा विसरायचे नाहीत. पोळ्यांचा असतो ना, तसला मोठा. त्यात पोळी मात्र कधीच नसायची.

"डोस्क्यात एका टायमाला तीनच गोष्टी ऱ्हातात," सर म्हणायचे. "चौथी शिरली की पहिली पळती. अन् ती पहिली म्हंजे पेशंट! चौथं डब्यात टाका."

म्हणून नांदेडच्या त्या वॉर्डात आम्ही इंटर्न रोज सकाळी डोक्यातली फिकर चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचो. मेसची भाजी, परीक्षा, हदगावहून आलेलं स्थळ, चोरीला गेलेली चप्पल. एकानं तर चिठ्ठीवर नुसतं 'सर' लिहिलं होतं. पुढं त्या चिठ्ठ्यांचं काय व्हायचं, देव जाणे.

मला हा सगळा पोरखेळ वाटायचा. मी आपली कोरी चिठ्ठी टाकायची आणि पेशंटचे आकडे तळहातावर लिहायची. एकदा मुखेडच्या आजींना तपासण्याआधी नियमाप्रमाणं हात स्वच्छ धुतले आणि सरांनी विचारलं, "आजींचं पोटॅशियम?"

मी तळहात पाहिला. लख्ख! सरांनीही वाकून पाहिला. "लग्नाचा योग दिसून राहिलाय. पोटॅशियम दिसंना."

"माझा बी हात बघा की," आजी म्हणाल्या.

सगळे हसले. मला मात्र रडू फुटलं. सरांनी काही न विचारता कागद पुढं केला. मी लिहिलं, 'गुरुवारी लातूरला आईचं ऑपरेशन. सुट्टी घ्यायची नाही अशी तिची शपथ. सोबत एकटे बाबा, ते रक्त बघून चक्कर येऊन पडतात.' चिठ्ठी डब्यात गेली, पण फिकर कसली जातेय!

गुरुवारी सर राउंडलाच आले नाहीत. असं कधी झालं नव्हतं. राउंड दुसऱ्या डॉक्टरांनी घेतला; 'तीनच' म्हणणारं कुणी नाही म्हणून पोरांनी एकेका पेशंटचे सात-सात मुद्दे सांगून घेतले. माझं सगळं लक्ष खिशातल्या फोनकडं.

दुपारी बाबांचा फोन आला. "आई बरी हाय गं. तुमचे सर पहिल्या एसटीनं आलते. माझा हात धरून बसले. म्हणले, तीनच गोष्टी ध्यानात ठेवा. बसून ऱ्हायचं, चहा प्यायचा, अन् झालं की पोरीला फोन करायचा."

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "सर, तुम्ही एवढी तकलीफ..."

"डब्यात टाकलं की ते माझं," सर म्हणाले. "तू पोटॅशियम सांग."

"चार पॉइंट एक," मी हात न बघता सांगितलं आणि भर वॉर्डात भोकाड पसरलं.

मुखेडच्या आजी दचकून उठून बसल्या. "आगं माय! लई वाईट हाय का वं माझं?"

"नॉर्मल हाय, आजी," सर म्हणाले. "पोरगी बी."