भांडण सांगा, बाटली सांगतो

आमच्या नानांना फोन करून “कुठली वाईन आणू?” असं विचारलं, की ते उलट विचारतात, “शेवटचं भांडण कशावरनं झालं?”

विचारणारा बहुतेक हिंजवडीचा असतो. नवं लग्न, पहिला नाहीतर दुसरा व्हॅलेंटाइन, आणि उरवड्याच्या डोंगराकडेला नानांच्या दोन खोल्यांपैकी एक त्याने बुक केलेली. त्याला वाटतं, मालक पिरंगुटातलं एखादं दुकान सांगतील. मालक भांडण विचारतात. पोरगं गडबडतं. “अंकल, आमची भांडणं होत नाहीत,” म्हणतं.

“मग गुलाबी आणा,” असं म्हणून नाना फोन ठेवतात.

गुलाबी वाईन नानांच्या मते खोटं बोलणाऱ्यांसाठी असते. हे त्या पोराला ठाऊक नसतं. ते बिचारं मोठ्या प्रेमाने गुलाबी घेऊन येतं आणि नाना दारात उभे राहून बाटलीकडे बघून मान हलवतात.

नाना म्हणजे माझ्या बायकोचे, वैशालीचे, सख्खे चुलते. भाताची खाचरं एका गोदामवाल्याला गेली, उरलेल्या तुकड्यावर, घराला लागून, त्यांनी दोन खोल्या बांधल्या. एकीला नाव दिलं ‘सासर’, दुसरीला ‘माहेर’. दोन्हींत तोच पलंग, तोच पंखा, तेच डोंगर. पण ‘माहेर’ कायम भरलेलं आणि ‘सासर’ रिकामं. “नावात गल्ली चुकली आपली,” नाना म्हणतात. पाटी मात्र बदलत नाहीत.

स्वतः नाना थेंबही घेत नाहीत. बूच काढलं की तेवढं नाकाशी धरतात आणि “हां” म्हणतात. त्यांचं वाईनचं शिक्षण झालं टेम्पोवर. पूर्वी ते नाशिककडच्या एका वायनरीत द्राक्षांची क्रेट पोचवायला जायचे. क्रेट उतरेपर्यंत काय करायचं, म्हणून पाहुण्यांना चव देतात त्या दालनात मागे उभे राहायचे. तिथली मुलगी सांगायची, मटणाला लाल, माशाला पांढरी. जोडपी माना डोलवायची, बाटली घ्यायची आणि पार्किंगमध्ये येऊन गाडीच्या काचा वर करून भांडायची.

“म्या म्हनलं, ह्यांचं उलटं चाललंय,” नाना सांगतात. “आधी भांडण बघायचं, मग बाटली. दोघं एकमेकांकडं बघतच न्हाईत, तितं मासा तरी काय करील?”

यातून त्यांचं शास्त्र तयार झालं. जुन्या भांडणाला लाल. का, तर लाल वाईन उघडून अर्धा तास तशीच ठेवायची असते. “तेवढा येळ दोघांनी गप बसायचं. निम्मं तितंच मिटतंय.” ताज्या भांडणाला पांढरी, कारण ताजं भांडण गरम असतं, त्याला गार लागतं. माहेरच्या माणसांवरून झालेल्या भांडणाला बुडबुड्यांची. “बूच उडू द्यायचं, ठो करून. मनातलं भाईर निघतंय.”

मी हसायचो. आमच्या लग्नाची पंचविशी आली तेव्हा पोरांनी आम्हाला ढकलून उरवड्याला पाठवलं. मी आठवडाभर मोबाइलवर वाईनबद्दल वाचत होतो. ओक, टॅनिन, शेवटी जिभेवर राहणारी चव, सगळं पाठ. चव ऑफिसच्या पार्टीत दोनदा घेतलेली, दोन्ही वेळा कोकम सरबत बरं असं वाटलेलं. तरी दोन बाटल्या बायकोच्या जुन्या सुती साडीत गुंडाळून मी ऐटीत उतरलो.

“जावईबापू, भांडण कसलं?” नानांनी विचारलं.

“आमचं काही नाही, नाना.”

“वैशे?”

“सांगते ना,” वैशाली म्हणाली आणि ओट्यावर मांडी घालून बसली.

गिझरपासून सुरुवात झाली. मी तो चालू ठेवतो. तिथून गाडी माझ्या बहिणीच्या लग्नातल्या आहेरावर गेली, तिथून महाबळेश्वरला मी हरवलेल्या शालीवर. ती शाल मी साफ विसरलो होतो. ती विसरली नव्हती. नाना न्यायाधीशासारखे ऐकत होते. शेवटी म्हणाले, “लाल. आनि एक बाटली पुरायची न्हाई.”

त्या संध्याकाळी बाटली उघडून आम्ही अर्धा तास गप्प बसलो. समोर गोदामाचा निळा पत्रा होता. वैशाली एकदम म्हणाली, “इथे आंबेमोहोर असायचा. लोंबी भरली की फाट्यापासून वास यायचा, आठवतंय?”

आठवत होतं. लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा आलो, ते एसटीने. फाट्यावर उतरलो तर भाताच्या वासाबरोबर भांडणही आलं. नाना आणि नानी. म्हशीला पेंड कमी, चहात साखर जास्त, जावई येणार म्हणून कोंबडी धरायला सांगितली होती ती अजून झाडावर. मी नवा जावई, घाबरून बांधावर थांबलो. वैशाली म्हणाली, “चला. दोघं घरात आहेत.”

पुढे कित्येक वर्षं आम्ही तसंच ओळखायचो. आवाज आला की दोघं घरात. नाही आला की कुणीतरी बाजाराला गेलंय.

मग नातू झाला आणि नानी त्याला सांभाळायला हिंजवडीला, मुलाच्या फ्लॅटवर गेल्या. महिनाभरासाठी. नातू आता शाळेत जातो.

परवाच्या फेब्रुवारीत नानांचा मला फोन आला. “जावईबापू, एक बाटली सांगा.”

मला अत्यानंद झाला. एवढ्या वर्षांनी माझ्या वाचनाची कुणीतरी कदर केली. “कुणासाठी?”

“हाय एक जोडपं. चौदा तारखेला.”

मी त्यांच्याच आवाजात विचारलं, “शेवटचं भांडण कशावरनं झालं?”

फोन कट झाला असं वाटून मी “हॅलो” म्हणालो.

“त्येच तर,” नाना म्हणाले. “आठवंना.”

मग हळूहळू कळलं. मुलगा नानींना त्या दिवशी उरवड्याला सोडून जाणार होता, दोन दिवसांसाठी. “येती अधनंमधनं,” नाना म्हणाले. “पिशवी दाराशी ठिवून बसती, पावन्यावानी. म्या काय बी म्हनलं की ‘बरं’ म्हनती. जावईबापू, ती मला जल्मात कवा ‘बरं’ म्हनली न्हाई. फोनवर जेवलात का, व्हय. गोळी घेतली का, व्हय. झालं. भांडायला मानूस आपलं लागतंय. आता तिला हितं परकं वाटाय लागलं, तर ती कशाला ऱ्हाईल?”

“पण नानी पीत नाहीत. तुम्हीही नाही.”

“म्हून काय झालं? टेबलावर पायजे.”

मला सुचेना. दुकानात जाऊन चारही प्रकारच्या बाटल्या उचलल्या. दुकानदार म्हणाला, “पार्टी का, सर?” मी म्हणालो, “नाही, चुलत सासू-सासरे.” त्याने पिशवी दुहेरी करून दिली.

चौदा तारखेला दुपारी आम्ही पोचलो तेव्हा नानी आल्या होत्या. ओट्याच्या कडेला बसल्या होत्या, पिशवी पायाशी. “बरं हाय ना सगळं?” त्यांनी आम्हाला विचारलं. नाना म्हणाले, “पानी आनू?” नानी म्हणाल्या, “बरं.” नानांनी माझ्याकडे असं बघितलं, की मीच पाणी आणायला उठलो.

मग नाना त्यांना ‘माहेर’ दाखवायला घेऊन गेले. त्या दिवसासाठी त्यांनी तीन बुकिंगं नाकारली होती. पलंगावर नवी चादर, वर टॉवेलचा हंस, मोबाइलवर बघून केलेला. हंसाची मान पडली होती. नानी दारातच थांबल्या.

“ह्ये कुनासाठी?”

“तुज्यासाठी.”

“बरं,” नानी म्हणाल्या. वैशालीने माझा दंड धरला.

नानी चहा टाकते म्हणून स्वयंपाकघरात गेल्या. नाना बाहेर ओट्यावर येऊन बसले. हात गुडघ्यांवर. आतून डबे वाजले, मग थांबले.

“अवो.”

नानांनी मान वर केली.

“देवाच्या फळीवर ह्यो डबा कुनी ठिवला? दिवे लागलेला?”

“वायफाय हाय त्यो. तितंच रेंज येती.”

“देवाला कशाला पायजे रेंज? आनि देव कुटं हायेत?”

“खाली. फडताळात.”

“मसाल्यांच्या डब्यांत? माज्या देवांना तिखटात बसिवलं? आनि हळदीच्या डब्यात चहापत्ती कुनी भरली? माज्या घराचं काय करून ठिवलंय तुमी, आनि मला पावन्यांच्या खोलीत निजिवता व्हय? मी काय भाडं भरून आले?”

“आगं, हंस केला हुता.”

“त्यो हंस हाय? मला वाटलं, टावेल वाळाय टाकला.”

नानी तरातरा बाहेर आल्या, ओट्याच्या कडेची पिशवी उचलली, आत नेली आणि चुलीमागच्या खुंटीला अडकवली. तोंड चालूच होतं. आता म्हशीची पेंड निघाली होती. म्हैस विकूनही वर्षं झाली.

नानांनी डोळे मिटून घेतले. मग हळूच म्हणाले, “जावईबापू, पांढरी.”

मी बर्फात ठेवलेली पांढरी काढून आणली. चार फुलपात्रं मांडली, ओपनर बुचात घातला. “उघडू?”

आत कोंबडीचा विषय सुरू झाला होता, आमच्या लग्नानंतरची, झाडावर बसलेली.

“थांबा की,” नाना म्हणाले. “चालू द्या जरा.”