तुळाजी धनेशाची झिजलेली टोकं

बाळांनो, एका जंगलात, जिथे अजून रस्ता पोचला नव्हता पण तज्ज्ञ पोचले होते, तुळाजी नावाचा धनेश पक्षी राहत होता.

त्याची बायको गिरजा पिल्लांना घेऊन झाडाच्या ढोलीत कोंडून बसली होती. धनेशांची रीतच तशी. मादी ढोलीचं तोंड लिंपून घेते, एक फट तेवढी ठेवते. आत तिची पिसंही झडतात. नवरा आला तर घास, नाहीतर उपास.

तुळाजी दिवसभर उंबरं वाहायचा. पंख भरून आले म्हणून तो डॉक्टर साळिंदराकडे गेला. साळिंदराने आपलाच काटा टोचून त्याच्या रक्ताचा थेंब काढला आणि मान हलवली.

"तुळाजीराव, तुमच्या पेशीपेशीत धागे आहेत. बुटाच्या नाडीच्या टोकाला टोपण असतं ना, तसं त्यांनाही असतं. त्याला टेलोमिअर म्हणतात. पिल्लं वाढवण्याच्या दगदगीत ते झिजतं. तुमचं फार झिजलंय."

तुळाजीने जन्मात बूट पाहिला नव्हता. तरी त्याने आपल्या पायांची टोकं निरखून पाहिली.

"उपाय?"

"दगदग बंद!"

झालं. तुळाजी जांभळीच्या फांदीवर डोळे मिटून बसला. श्वास आत, श्वास बाहेर.

"अहो, पिल्लं भुकेनं ओरडतायत!" गिरजा फटीतून म्हणाली.

"ओरडू देत. अगं, माझी टोकं झिजतात!"

"आणि आमची पोटं?"

हिला विज्ञानाची आवडच नाही, असं तुळाजीला वाटलं.

दुसऱ्या दिवशी गिरजाने लिंपण फोडलं. पंखांवर नुसते कोंब. उडता येईना, म्हणून ती फांदीफांदीवरून उड्या मारत उंबराकडे निघाली. वर ससाणा घिरट्या घालू लागला.

तुळाजीने एक डोळा किलकिला केला. श्वास आत गेला तो बाहेर येईना. ससाण्याने झेप घेतली, तसा तो किंचाळत मध्ये घुसला. शेपटीची पिसं गेली, बायको वाचली. मग संध्याकाळपर्यंत तो मुकाट्याने उंबरं वाहत राहिला.

गिरजाने ढोली पुन्हा लिंपली. फट मात्र जरा मोठी ठेवली, नवऱ्याला टोचता येईल इतकी.

पुढे साळिंदराने पुन्हा काटा टोचला.

"अहो, ही टोकं तर आणखी झिजली! आराम केला नाहीत?"

"केला ना," तुळाजी म्हणाला, "त्यातच झिजली."

तात्पर्य: कष्टाने आयुष्य घटतं. म्हणून शहाण्याने आरामच करावा. फक्त बायको दिसणार नाही अशा झाडावर. (प्रस्तुत लेखकाने ही कथा आतून आलेल्या "अहो"कडे दुर्लक्ष करत लिहिली आहे. त्याची टोकं अजून मोजलेली नाहीत.)