चित्र इथे, आवाज तिथे

टीव्हीचा आवाज अधूनमधून जायचा आणि वरून एक थाप मारली की परत यायचा. बायको म्हणायची, "अहो, तेरा वर्षं झाली. आता नवा घेऊ." गृहस्थ म्हणायचे, "एका थापेवर सुधारतोय, म्हणजे मूळचा चांगलाच आहे." हे गृहस्थ म्हणजे मी नव्हे. आमची खुर्ची, चष्मा आणि बायको एकच आहे, एवढंच. तिसऱ्याच माणसाची गोष्ट म्हणून सांगितली की लाज जरा कमी वाटते.

हा वाद आणखी तेरा वर्षं चालला असता, पण परगावी नोकरी करणाऱ्या लेकीचा फोन आला. तिनं बनवलेल्या पाणी शुद्ध करायच्या यंत्राला बक्षीस मिळालं होतं. रविवारी संध्याकाळी सहाला तिची मुलाखत टीव्हीवर थेट दाखवणार होते.

"आता तरी नवा आणा," बायको म्हणाली.

"पोरगी इंजिनिअर झाली ती कुणावर गेली? मीच दुरुस्त करतो!" असं म्हणून गृहस्थांनी मेव्हण्याला आणि मजल्यावरच्या सगळ्या शेजाऱ्यांना मुलाखतीला घरी बोलावूनही टाकलं.

शनिवारी त्यांनी टीव्ही पालथा घातला. जे सैल वाटलं ते आवळलं, जे घट्ट वाटलं ते सैल केलं. झाकण लावल्यावर तीन स्क्रू उरले. अधूनमधून जाणारा आवाज आता कायमचा गेला.

"निदान बिघाड नक्की झाला," गृहस्थ म्हणाले. बायकोनं फक्त मेकॅनिकला फोन लावला.

रविवारी सकाळी मेकॅनिकनं आत डोकावून कपाळाला हात लावला. "साहेब, यात आधी कुणी हात घातलाय?"

"होता एक. ओळखीतला."

"त्याला परत घरात घेऊ नका."

"कसं जमेल? दोन्ही वेळा जेवायला इथंच असतो," बायको म्हणाली.

पार्ट मिळायला आठवडा लागणार होता. रविवार असल्यामुळे दुकानंही बंद. शेवटी गृहस्थ माळ्यावर चढले आणि त्याआधीचा टीव्ही उतरवून आले. त्याचा पडदा काळाठिक्कर होता, पण आवाज खणखणीत. तो बिघडलेल्या टीव्हीशेजारी मांडला. चित्र इथे, आवाज तिथे. फक्त एकाला केबल आणि दुसऱ्याला डिश अशा दोघांच्या जोडण्या वेगळ्या असल्यामुळे आवाज चित्राच्या दहा-बारा सेकंद मागून येत होता.

"पोस्टानं येतोय वाटतं," मेव्हणा म्हणाला.

सहाला खोली गच्च भरली. पडद्यावर लेक आली आणि गृहस्थांचा ऊर भरून आला. निवेदिकेनं काहीतरी विचारलं. लेक हसली आणि तिचे ओठ हलले.

"बाबा म्हणाली! पाहिलंत? माझं नाव घेतलं!" गृहस्थ ताडकन उभे राहिले. निवेदिका हसत टाळ्या वाजवत होती. शेजाऱ्यांनीही वाजवल्या. गृहस्थांनी डोळे पुसले आणि हात जोडून सगळ्यांचे आभार मानले. "माझं कसलं कौतुक? बापाचं कर्तव्यच असतं ते!"

तेवढ्यात आवाज पोचला.

"यंत्रांची आवड कुणामुळे लागली?"

"बाबांमुळे. घरात काही बिघडलं की बाबा ते दुरुस्त करायचे. मग ते परत चालू कोण करणार? मीच!"

खोलीत हशा उसळला. बायको तर पदरात तोंड लपवून हसत होती. गृहस्थ अजून उभेच होते, कारण आभार मानून झाले होते आणि ते परत घ्यायची काही सोय नव्हती.