आप्पा खाऊन आलेत

एकदा आप्पांची पिशवी एकटीच पुण्याला गेली. एस.टी. यवतला थांबली, बाहेरच्या हॉटेलात कढईत नुकताच भज्यांचा घाणा सोडला होता, आणि आप्पा उतरले. कंडक्टरनं हाका मारल्या, शेवटी वैतागून डबल बेल दिली. आप्पांनी हातातली बशी न सोडता त्याला 'जावा तुमी' अशी खूण केली. पिशवीत आहेर होता आणि ज्या लग्नाला तो द्यायचा ते लग्न अर्थातच चुकलं.

"लग्न काय, कुणाचं ना कुणाचं हायेच की," आप्पा मला म्हणाले. "घाणा काय आपल्यासाठी थांबतुय व्हय?"

आप्पा म्हणजे दौंडच्या रेल्वे कॉलनीतले माझे शेजारी. पार्सल ऑफिसातही शेजारच्याच टेबलावर. बायको वारल्यापासून एकटे राहत. घरी करून घालणारं कुणी नाही, म्हणून बिचारे बाहेर खातात असं आमच्या घरातल्या मंडळींना वाटायचं. मला ते पटत नसे, कारण संध्याकाळी हाच गृहस्थ आमच्या भिंतीपलीकडं झकास भाकरी थापत असे. नाश्त्याला मात्र घरात चूल पेटत नव्हती.

जगातल्या सगळ्या नाश्त्याचे त्यांनी दोनच प्रकार केले होते, उभ्यानं खायचा आणि बसून खायचा. स्टेशनवरचा वडा उभ्यानं. "बसून खाल्ला की त्येचा वडा ऱ्हात न्हाई, नुस्तं बटाटं ऱ्हातंय." पाटसला कारखान्याचा सीझन सुरू झाला की गेटासमोर मिरचीची भजी मिळत, तीही उभ्यानं. मिसळ बसून, आणि मांडीवर रुमाल टाकून. लोक रेल्वेच्या पासावर काशीला जातात. आप्पा गुलबर्ग्याला गेले, इडली खाल्ली आणि पुढच्या गाडीनं परत आले.

"देवदर्शन वगैरे?" मी विचारलं.

"झालं की. केळीच्या पानावर."

माझ्या पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो, तेव्हा त्यांना बरोबर नेण्याची अवदसा मला आठवली. मुलीनं पोहे आणून ठेवले. तिचं नाव विचारायच्या आत आप्पांनी विचारलं, "पोहं किती येळ झाकून ठिवलं हुतं?"

मी डोक्याला हात लावला. पण मुलगी शांतपणे म्हणाली, "तुम्ही जेवढा उशीर केलात तेवढा वेळ."

"हिला सोडू नगा," आप्पांनी तिथल्या तिथं निकाल दिला. सून म्हणून आज तीच आमच्या घरात आहे, आणि आमचं बरं चाललंय.

महिन्यातून एका सुट्टीला ते शिरूरला जात. त्यांची एकुलती एक लेक, सुमन, तिथं दिलेली होती. पण परत आले की लेकीबद्दल एक वाक्य आणि स्टँडासमोरच्या मिसळीबद्दल पन्नास! मला राग यायचा. लेकीच्या गावी जाऊन हॉटेलचं कौतुक करणारा बाप मी दुसरा पाहिलेला नाही.

एकदा माझंही शिरूरला काम निघालं, म्हणून बरोबर गेलो. न्हावऱ्याला गाडी थांबली तेव्हा मी चहाबरोबर नुसतं बिस्किट घ्यायला लागलो, तर माझा हात धरला. "मिसळीआधी जीभ बाटवू नगा, राव." मी मुकाट्यानं उपाशी राहिलो.

शिरूरला उतरलो तर सगळं गाव बंद. रात्री कुणी पुढारी वारला होता. मिसळवाल्याचं शटर खाली. आप्पा त्या शटरकडं कितीतरी वेळ बघत उभे राहिले.

"चला, सुमनकडं काहीतरी मिळेल," मी म्हणालो.

आप्पांचा चेहरा उतरला. "तुमी खावा. माझं झालंय म्हणून सांगा."

"का हो?"

"लेकीला लेकरू झाल्याबिगर बापानं तिच्या घरचं अन्न खायाचं न्हाई. आमच्यात रीत हाय." ते शटरशीच बोलल्यासारखे बोलत होते. "पोरीच्या लग्नाला लई वर्सं झाली, अजून काय न्हाई. उपाशी पोटी जाऊन 'नगं' म्हणलं, तर दर येळी तिच्या काळजाला लागंल. पोट भरून गेलं म्हंजी बाप खादाड हाय म्हणून सुटतंय. समद्यांना तसंच वाटू द्या."

आम्ही चालत सुमनच्या घरी गेलो.

"आप्पा, हातपाय धुवा, पोहं केल्यात," ती म्हणाली.

"ह्या काकांना दे. माझं स्टँडावर झालं." आणि मग सवयीनं त्यांची गाडी सुटलीच. "आज तर्री अशी हुती सांगू! लालभडक. मटकीला मोड कसलं..."

सुमननं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आप्पा, आज गाव बंद हाय. आमचं ह्ये दूध आणाय गेलं आन् मोकळी किटली घिऊन आलं."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरात डोकं घातलं.

"मला कवाचंच ठावं हाय," सुमन म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, पण डोळे भरले होते. "तुमी येणार म्हणलं की दर येळी तुमच्या वाटचं करून ठिवते. तुमी गेलासा की गल्लीतल्या गाईला घालते."

तिनं बशी आणून त्यांच्यापुढं ठेवली. "रीत मोडली तर पाप मला लागू द्या."

"तुला कशापायी लागंल गं?" आप्पा म्हणाले, आणि त्यांनी बशी जवळ ओढली.

पोहे कसे झालेत हे त्यांनी सांगितलं नाही. मान खाली घालून खात राहिले. मिशी ओली झाली तरी पुसली नाही. सुमन समोर बसून त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

बशी रिकामी झाली तशी त्यांनी ती लेकीपुढं धरली.

"आता गाईच्या वाटचंबी वाढ," आप्पा म्हणाले.