अडीचाव्या मजल्यावरचा सोफा

"टेप कशाला लागतोय? माझे डोळे काय शोभेला बसवलेत?"

हे वाक्य टेलरमास्तर दिवसातून चार वेळा तरी म्हणायचेच. गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर पाऊल ठेवतं न ठेवतं तोच मास्तर मशीनवरून मानही वर न करता सांगायचे, "छाती अडतीस, कंबर छत्तीस, डावा खांदा जरा उतरता. कापड ठेवा, गुरुवारी या!" मापाचा टेप त्यांच्या गळ्यात कायम लोंबत असायचा, नाही असं नाही. पण पोलिसाच्या कमरेला पट्टा असतो तसा! हुद्दा कळावा म्हणून. कामाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

तर अशा या मास्तरांच्या बायकोनं लग्नानंतर बावीस वर्षांनी एक गोष्ट मागितली. सोफा! तिची थोरली बहीण, जिला सगळे ताई म्हणत, दर महिन्याला यायची आणि घरातल्या दोन लोखंडी खुर्च्यांकडे बघून म्हणायची, "नको गं, मी उभीच बरी." शनिवारी चार वाजता ताई पुन्हा येणार होती. त्याआधी सोफा घरात हवा होता.

"अहो, पण आपला जिना केवढासा! मापून तरी घ्या," बायको म्हणाली.

"मापून?" मास्तरांना हे फारच लागलं. स्वयंपाक्याला कुणी 'मीठ टाकता येतं ना?' असं विचारावं तसं! "जिना मी रोज चढतो. सोफा मी दुकानात उभा राहून नीट बघितलाय. त्या जिन्यातून सोफा जाईल, सोफ्याशेजारून तू जाशील आणि वर छत्री उघडायला जागा उरेल!"

शनिवारी दुपारी एक वाजता सोफा आला. तीन माणसांचा, पिस्त्याच्या रंगाचा, हत्तीच्या पिल्लाएवढा. तो आणणारे दोन हमाल होते. एक पैलवान आणि एक काडी. काडीनं जिना बघितला, सोफा बघितला आणि मास्तरांकडे बघितलं.

"मास्तर, हे जाणार नाही."

"तुमचा धंदा उचलायचा. बघायचा धंदा माझा. उचला!"

मास्तर पुढे होऊन उलट्या पावलांनी जिना चढू लागले आणि वरून हुकूम सोडू लागले. पहिला मजला झाला. दुसरा मजला झाला. मास्तरांची छाती मजल्यागणिक फुगत होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे जिना वळतो, तिथं सोफा थांबला.

"तिरका करा! आता उभा! थोडा झोपवा! अहो, झोपवा म्हटलं, तुम्ही का झोपताय?"

पैलवानानं खालून खांदा लावून एक शेवटचा हिसका दिला. खर्रर्र आवाज झाला आणि सोफ्याचा एक हात वरच्या छताला, पाठ भिंतीला आणि पाय कठड्याच्या गजांत असा तो बसला, की बाटलीला बूच काय बसेल! वर जाईना, खाली येईना. पैलवानाशेजारी खाली उभ्या असलेल्या काडीनं कपाळाचा घाम पुसला.

"चला मास्तर, माल पोचला. आम्हाला दुसरी वर्दी आहे."

"पोचला? अहो, तिसरा मजला ठरला होता!"

"अडीच झाला की!" काडी म्हणाला आणि दोघं निघूनही गेले. मास्तर वरच्या बाजूला, जग खालच्या बाजूला आणि मधे सोफा.

आवाज ऐकून बायको पदराला हात पुसत बाहेर आली. "आला का हो?"

"आला. म्हणजे... येतोय."

तिनं चार पायऱ्या उतरून सोफ्याच्या हातावरून हळूच बोटं फिरवली. डोळे भरून आले बिचारीचे. "रंग काय सुरेख आहे!" मग तिचं लक्ष गेलं. "पण हा असा का उभाय?"

"दम खातोय," मास्तर म्हणाले.

इतक्यात वरून चपलांचा फटफट आवाज आला. चौथ्या मजल्यावरच्या नर्सबाई! पांढराशुभ्र युनिफॉर्म, खांद्याला पर्स, दोन वाजताची ड्युटी. सोफा बघून त्या थबकल्या, घड्याळ बघून हबकल्या. पण आयुष्यभर वॉर्ड सांभाळलेली बाई ती! "धरा ही पर्स," म्हणाल्या, सोफ्याच्या वर जी हातभर फट होती तिच्यात शिरल्या आणि गादीवरून घसरगुंडीसारख्या सुर्रकन खाली गेल्या. पोचल्या नीट. पण मधे कुठेतरी युनिफॉर्म अडकला आणि टर्रकन फाटला.

"अरे देवा! आता वॉर्डात अशी जाऊ?"

"बाई, घाबरू नका!" मास्तरांच्या अंगात एकदम चैतन्य आलं. सकाळपासून आत्ता कुठे त्यांच्या हातचं काम निघालं होतं. त्यांच्या शर्टाच्या कॉलरला कायम एक ओवलेली सुई खोचलेली असे. "फाटलेली बाजू या कठड्याजवळ आणा. मी फटीतून हात घालतो."

"पण तुम्हाला दिसणार कसं?"

"दिसायला कशाला पाहिजे? तीस वर्षं झाली, हात शिवतो माझा!"

सोफा आणि कठडा यांच्यामधल्या फटीतून मास्तरांचा हात कोपरापर्यंत आत गेला. गाल सोफ्याला टेकला, डोळे मिटले, जीभ दातांत आली. टाके पडू लागले. एक, दोन, पंधरा, वीस. शेवटी गाठ मारून मास्तर म्हणाले, "झालं! शोधून दाखवा टाका!"

"टाका नाही दिसत मास्तर," खालून आवाज आला. "पण मी निघालेय आणि सोफाही माझ्याबरोबर निघालाय."

मास्तरांनी युनिफॉर्म शिवला होता खरा. सोफ्याला! असा पक्का, की ओढून उसवेना. एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती. नर्सबाईंनी खिशातून मलमपट्टीची कात्री काढली आणि कचकच चालवली. मास्तरांनी फटीतून पर्स खाली दिली. बाई धावत सुटल्या, तेव्हा त्यांच्या पांढऱ्या युनिफॉर्मच्या कडेला तळहाताएवढं पिस्ता रंगाचं ठिगळ होतं आणि कोऱ्या सोफ्याच्या कुशीला तेवढंच भोक!

बायकोनं फटीतून डोकावून भोक बघितलं. मास्तरांकडे बघितलं.  

तीन वाजता वरून आणखी पावलं वाजली. सावकाश, मोजून टाकलेली. हेडक्लार्क! हेही चौथ्या मजल्यावरचे, नोकरीतून निवृत्त झालेले. मास्तरांशी त्यांनी चार वर्षं अबोला धरला होता. कारण पँट. निरोपसमारंभासाठी मास्तरांनी ती नजरेच्या मापानं शिवली होती. उभं राहिलं की झकास! पण हेडक्लार्क स्टेजवर खुर्चीत बसले आणि पँट निम्म्या पोटरीपर्यंत चढली. चाळीस वर्षांच्या नोकरीचा एकमेव फोटो, त्यात सगळ्यात ठळक काय दिसत असेल तर मोजे!

हेडक्लार्क सोफ्यापाशी येऊन थांबले. मास्तरांकडे बघायचं तर नव्हतं. त्यांनी घसा खाकरला आणि सोफ्यालाच म्हणाले, "सोफा, तुझ्या मालकाला सांग. मला साडेचारच्या आत बँकेत जायचंय. मी जिवंत आहे असं सही करून सांगायची आज शेवटची तारीख आहे. नाही गेलो, तर उद्यापासून मी कागदोपत्री मेलो."

मास्तरही कमी नव्हते. "सोफ्या, त्यांना सांग, थोडा धीर धरा म्हणावं."

"त्याला सांग, मेलेल्या माणसाला धीर धरता येत नाही."

"अगं बाई!" बायको म्हणाली. "सोफ्याशी काय बोलताय दोघं?"

"वहिनी, तुमच्याशी माझं भांडण नाही," हेडक्लार्क म्हणाले. "म्हणून तुम्हाला विचारतो. यांच्या गळ्यात ते काय लोंबतंय?"

सगळ्यांनी बघितलं. मास्तरांनीही मान वाकवून बघितलं. टेप! दोन तास तो तिथंच होता. बायकोनं तो ओढून काढला आणि हेडक्लार्कांच्या हातात दिला. मग त्या गृहस्थानं खिशातून पेन्सिल काढली, चष्मा पुसला आणि चार वर्षं वाट बघून आलेला तो क्षण अजिबात घाई न करता उपभोगला. बँकही विसरला. आधी जिना मापला. मग सोफा. मग पुन्हा जिना.

"वळणावर जिना छत्तीस इंच. सोफा पायांसकट एकोणचाळीस." त्यांचा आवाज समाधानानं थरथरत होता. "तीन इंच! माझ्या पँटलाही तीनच कमी पडले होते. सोफा, तुझ्या मालकाचे हे तीन इंच असे गावभर फिरत असतात. कुणाकडे कमी, कुणाकडे जास्त!"

मास्तर पायरीवर मटकन बसले. तीस वर्षांत त्यांना त्यांच्यासमोर कुणी मापून दाखवलं नव्हतं. त्यांनी डोळे चोळले. जणू चूक डोळ्यात गेलेल्या कचऱ्याची होती.

आणि नेमकं त्याच वेळी खालून हाक आली, "काय गं, जिन्यात काय मांडलंयत हे?"

ताई! चारला येणारी बाई साडेतीनलाच! ती दुसऱ्या मजल्यावर कमरेवर हात ठेवून उभी होती आणि मान वर करून सोफ्याचं पोट न्याहाळत होती. मग तिनं खणखणीत आवाजात सांगितलं, "मास्तर, आधी पाय काढा!"

मास्तर ताडकन उठले. आज सगळं ऐकून घेतलं होतं. पण हे? "ताई, तुम्ही मोठ्या आहात म्हणून गप्प बसतो. पण माझ्याच घरातून मी पाय काढू?"

"अहो, पाय काढा म्हणतेय!"

"नाही काढत! चुकलं असेल माझं, पण मी पळून जाणाऱ्यातला नाही!"

"बहुतेक मला म्हणताहेत," हेडक्लार्क म्हणाले. "मी तर कधीचा पाय काढायला बघतोय. वाट कुठाय?"

"अरे, तुमचे नव्हेत रे बाबांनो!" ताईनं कपाळावर हात मारला. "सोफ्याचे! सोफ्याचे पाय! आटे असतात त्यांना, फिरवले की निघतात. माझ्या घरी आहे ना सोफा!"

 मास्तर खूप बारीक आवाजात म्हणाले, "असं होय."

ताईनं पर्स खांद्यावर मागे टाकली, चार पायऱ्या चढून आली आणि कठड्याच्या गजांतून हात घालून एकेक पाय फिरवू लागली. कुर्र, कुर्र, कुर्र. बरणीची झाकणं काढावीत तसे चारही पाय काढले, पर्समध्ये टाकले आणि ती खाली उतरून दुसऱ्या मजल्याच्या दाराशी उभी राहिली. सोफा मात्र जागचा हलला नाही.

हेडक्लार्कांना आता दम निघेना. चार वाजले होते. "वहिनी, मी असाच जातो. त्या नर्सबाई गेल्या, मग मला काय धाड भरलीय?" असं म्हणून त्यांनी बँकेची फाइल काखेत मारली, फटीतून एक पाय टाकला, दुसरा टाकला आणि गादीवर टेकले.

सोफ्यानं एक मोठा सुस्कारा सोडला. आणि निघाला!

धडाड, धडाड, धडाड! नऊच्या नऊ पायऱ्या! हेडक्लार्क फाइल छातीशी कवटाळून, ताठ बसून, तोंडातून चकार शब्द न काढता खाली चालले होते. मास्तर मागून ओरडत होते, "सांभाळा! सांभाळा!" ताईनं दाराला पाठ चिकटवली. सोफा तिच्या पावलांपासून टीचभर अंतरावर येऊन अलगद थांबला.

मास्तर धापा टाकत खाली पोचले. "लागलं का? कुठं लागलं? अहो, बोला ना काहीतरी!"

हेडक्लार्कांनी चष्मा नाकावर नीट बसवला. गादी दोनदा दाबून बघितली. आणि चार वर्षांत पहिल्यांदा मास्तरांच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाले, "मास्तर, हा बँकेपर्यंत नाही का जाणार?"

मास्तर हसले, ताई हसली, वरून बायको हसली. हेडक्लार्क मात्र हसायला थांबले नाहीत. धावतच गेले आणि पाच वाजता रीतसर जिवंत होऊन परत आले. मग चौघांनी मिळून सोफा उचलला. "जरा डावीकडे!" असं मास्तर एकदा म्हणाले, पण तिघांनी एकदम त्यांच्याकडे बघितल्यावर पुन्हा म्हणाले नाहीत. सोफा घरात गेला, भिंतीला लागला. ताईनं पर्समधून पाय काढून दिले. भोक पडलेली बाजू भिंतीकडे वळवली. ताई तब्बल एक तास बसली, दोन कप चहा प्यायली आणि जाताना "ऐसपैस आहे हो!" असं म्हणून गेली. हेडक्लार्कही गेले. जाताना म्हणाले, एक पँट शिवायला टाकीन म्हणतो. पण टेप मी आणीन.

संध्याकाळी घरात दोघंच उरली. बायको सोफ्याच्या एका टोकाला बसली होती. मास्तर दारातच उभे होते, गुन्हेगारासारखे.

"बसा ना," ती म्हणाली.

मास्तर दुसऱ्या टोकाला टेकले. हळूहळू मागे रेलले. दोघं समोरची भिंत बघत बसली.

"अहो, एक लक्षात आलं का?" बायको म्हणाली. "बावीस वर्षं आपण दोन खुर्च्यांवर समोरासमोर बसत होतो. आता असं शेजारी बसलं, की मला तुमचं तोंडच दिसत नाही."

मास्तर तिच्याकडे वळले. दिवसभर इतकं घडलं आणि या बाईला वाईट कशाचं वाटावं! ते गहिवरून म्हणाले, "मग काय, तुझ्यासाठी परत खुर्च्या मांडू का?"

"छे हो!" बायको पाय वर घेऊन आणखी मागे रेलली. "म्हणून तर सोफा हवा होता!"