सव्वा हात नाली

चिंचटाकळीच्या अंगणवाडीसमोरून जाणारी नाली सव्वा हात रुंद आहे, ही बाब सर्वप्रथम गोपिकाने निदर्शनास आणून दिली. त्याआधी नाली होतीच, पण ती निदर्शनास नव्हती. मोठी माणसं ती ओलांडताना पायाकडे बघत नसत, गुरं बघत असत पण बोलत नसत, आणि अंगणवाडीतली सतरा लेकरं रोज सकाळी आपापल्या आईच्या कडेवरून पलीकडे जात. सतराही आयांना वाटे, ही अडचण आपल्या एकटीची आहे.

गोपिकाची आचल तीन वर्षांची होती. तिचं पाऊल वीतभर पडत असे, तेही तिच्या मनात आलं तर. गोपिकाने एकदा कोपर टेकवून नाली मोजली. रुंदी सव्वा हात, खोली आचलच्या कमरेइतकी. तिच्यावर एक ढापा टाकला, म्हणजे सिमेंटची एक जाड लादी, की काम झालं. आणि हे काम लवकर व्हायला हवं होतं, कारण गोपिकाला दुसरा महिना होता. नर्सबाईने बजावलं होतं, "वजन उचलू नको बाई, मागच्या खेपेला लय त्रास झालता तुले." आचल अकरा किलोची होती, पण तिला वजन म्हणणं गोपिकाला काही केल्या जमेना.

म्हणून सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर ती ग्रामसभेला थांबली.

झेंड्याला दीडशे माणूस होतं. बुंदीचे पुडे संपले तेव्हा सतरंजीवर सहा जण उरले, त्यातले तीन पंचायतीचेच. ग्रामसेवक योगेंद्र साहेबांनी घड्याळ पाहिलं. ते नालवाडीहून मोटारसायकलने येत. शासनाने त्यांच्या पदाचं नाव बदलून ग्रामपंचायत अधिकारी केलं होतं, पण गाव त्यांना आधीपासून सचिव म्हणे आणि तेच म्हणत राहिलं.

"गणपूर्ती नाही, सभा तहकूब," सचिव म्हणाले. मग त्यांनी चहा घेतला, आणि अर्ध्या तासाने त्याच सतरंजीवर, त्याच सहा जणांसमोर तहकूब सभा सुरू केली. कारण तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही.

गोपिका उभी राहिली. "साहेब, अंगणवाडीसमोर नालीवर एक ढापा पाह्यजे."

"हा नवीन विषय झाला. तहकूब सभेत नवीन विषय घेता येत नाही. मूळ सभेत मांडायचा असतो."

"मूळ सभा कवा झाली?"

"झाली कुठे? तहकूब झाली ना."

"मागच्या साली?"

"तेव्हाही तहकूबच झाली. गेली अकरा वर्षं होते." सचिवांच्या आवाजात कंटाळा नव्हता, सातत्याचा अभिमान होता.

सरपंच सुलोचनाबाईंनी गोपिकाच्या पाठीवरून हात फिरवला. "होते वं पोरी, आपलंच काम हाये." सुलोचनाबाईंनी आजवर कोणालाही नाही म्हटलेलं नव्हतं. त्यामुळे गावात काम अडलं की ते नेमकं कुठे अडलं, हे कोणालाच सांगता येत नसे.

सतरंजी गुंडाळताना चपराशी बापूरावांनी तिला बाजूला घेतलं. बापूराव साठीला टेकले होते आणि पंचायतीत त्यांच्याइतका कायदा कोणाला कळत नव्हता.

"गणपूर्तीचे शंभर माणूस कुठून आणू मी, काका?" गोपिका म्हणाली.

"माणसं कायले पाह्यजे? गणपूर्तीले सह्या लागतात. माणसं आले तं सतरंजी बी पुरत नाई."

एक मेच्या आदल्या दिवशी हजेरीचं रजिस्टर घेऊन बापूराव घरोघरी फिरले. गोपिका सोबत होती, कारण एकटे बापूराव दिसले की ते कर्जाच्या जामीनकीवर सही मागताहेत असा लोकांना संशय येई. शेजारची देवकाबाई रजिस्टरकडे लांबून बघत म्हणाली, "कशाची सही हाये वं?"

"उद्याच्या सभेची. तुमी हजर होत्या म्हणून."

"मंग मले या लागन का उद्या?"

"नाई, सही केली ना तुमी."

"बरं झालं बाई. मले बरबट्याच्या शेंगा तोडाले जाचं हाये."

संध्याकाळपर्यंत एकशे बारा सह्या झाल्या. दुसऱ्या दिवशी सभेला पाच जण होते, पण सभा मूळ होती. अकरा वर्षांत पहिल्यांदा. सचिवांनी गणपूर्ती झाल्याचं वाचून दाखवलं तेव्हा त्यांचा स्वर किंचित भरून आला. ढाप्याचा विषय एकमताने मंजूर झाला, आणि गोपिका घरी आली ती सगळ्या वाटेने हसत. आपण गावाला एक चांगली सवय लावली, असं तिला वाटलं. तेवढं मात्र खरं होतं, सवय लागलीच.

अडचण एवढीच आली की गावच्या कामांचा आराखडा ऑनलाइन भरायचा होता आणि संगणकात ढापा नव्हता. रस्ता होता, व्यायामशाळा होती, स्वागत कमान होती. सचिवांनी यादी दोनदा वरखाली केली आणि त्यातल्या त्यात जवळचं नाव निवडलं: लहान पूल.

पूल म्हटल्यावर अभियंता आला. नीरज साहेब तरुण होते, बोरगाव मेघेत राहत आणि प्रश्नावली घेऊनच हिंडत. त्यांनी नालीच्या काठावर उकिडवं बसून विचारलं, "पुलावरून रोजची वाहतूक किती?"

"एक पोट्टी," गोपिका म्हणाली. मग तिला इतर आया आठवल्या. "तसे सतरा लेकरं."

"जड वाहतूक की हलकी?"

"माही अकरा किलोची हाये."

साहेबांनी हलकी लिहिलं. "येत्या काळात वाहतूक वाढण्याची शक्यता?"

गोपिकाने स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. पाचवा सरून सहावा लागला होता. "एक धरा अजून," ती म्हणाली.

ते साहेबांनी प्रामाणिकपणे धरलं. शेवटी शेरा लिहिला की पुलाची उंची ठरवण्यापूर्वी पूर पातळी पाहणे आवश्यक, सबब पावसाळ्याची वाट पाहावी.

पावसाळा वेळेवर आला. त्याला मंजुरी लागत नव्हती. नाली काठोकाठ वाहू लागली. आता गोपिकाला स्वतःचाच तोल सांभाळवत नव्हता. तिचा नवरा ज्ञानेश्वर वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, लावायचा, हिंगणघाटच्या बाजारात न्यायचा आणि एरवी बोलायचा नाही. एका सकाळी त्याने मळ्यातल्या मोटारीच्या खोलीसमोरची दगडी फरशी बैलगाडीवर घातली, आणली आणि नालीवर टाकली. या कामाला त्याला पाऊण तास लागला, त्यातला अर्धा तास बैल वळवण्यात गेला.

बारा दिवस सतरा लेकरं आपल्या पायांनी अंगणवाडीत गेली. आचल तर दिवसातून चार वेळा विनाकारण ये-जा करी. तेराव्या दिवशी नीरज साहेब पूर पातळीचा फोटो काढायला आले.

मोबाइलच्या अॅपमध्ये 'कामापूर्वीची स्थिती' असा रकाना होता. फोटोत काम झालेलं दिसत होतं. साहेबांनी अहवाल दिला, आणि दोन दिवसांनी बापूरावांनी ज्ञानेश्वरच्या हातात नोटीस ठेवली: आपण सार्वजनिक नालीवर विनापरवानगी पूल उभारला आहे, तो सात दिवसांत काढून घ्यावा.

ज्ञानेश्वर पंचायतीत गेला. "साहेब, दगड हाये तो."

"अहवालात पूल आहे," सचिव म्हणाले. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आपुलकीने समजावलं, "भाऊ, मी तुमच्याच भल्याचं सांगतो. ही फरशी राहिली तर गरज सिद्ध होत नाही. गरज सिद्ध झाली नाही तर ढापा कायमचा गेला. ढापा पाहिजे ना? मग फरशी काढा."

ढापा पाहिजे होता, म्हणून ज्ञानेश्वरने फरशी काढली. सोळा आया दारादारांतून बघत होत्या. देवकाबाईची सून रीता म्हणाली, "जाऊ दे गोपिके. आमी उचलतच होतो ना आधी." आणि त्यांनी आपापली लेकरं पुन्हा उचलली.

गोपिका नालीच्या काठावर उभी राहिली. सातवा सरत आला होता. आचल हात वर करून "घे" म्हणत होती. बापूरावांनी नोटिशीची पोच खिशात घातली, चप्पल काढली, आचलला उचललं आणि पलीकडे ठेवलं.

"रोज येत जाईन सकाळी," ते म्हणाले. "तू नको वाकत जाऊ."

आणि ते खरोखर रोज आले. सबंध वर्षात पंचायतीकडून झालेलं हे एकच काम, आणि ते कोणत्याही ठरावात नव्हतं. पुढे तेही कागदाबाहेर राहिलं नाही. सचिवांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी मासिक अहवालात नोंद घेतली: शिपायामार्फत बालक वाहतुकीची पर्यायी व्यवस्था कार्यान्वित.

पंधरा ऑगस्टला तालुक्याहून प्रशस्तिपत्र आलं. ग्रामसभेतल्या लोकसहभागात चिंचटाकळी पहिली आली होती. रजिस्टरवर एकशे चाळीस सह्या होत्या. सतरंजी आता काढतच नसत.

ऑगस्ट संपता संपता गोपिका बाळंत झाली. बाळ चांगलं होतं, आवाज तर फारच चांगला होता. सव्वा महिना ती उंबऱ्याबाहेर पडली नाही. दोन ऑक्टोबरच्या सकाळी बापूराव आचलला पोचवून परत आले आणि खोलीच्या दारातून त्यांनी रजिस्टर आत सरकवलं. बाळ मांडीवर होतं, अर्धं झोपलेलं.

"सही मारून दे पोरी. तुह्याच कामाची सभा हाये."

"वर तं काहीच नाई लिहिलं, काका."

"सचिव लिहितेत मंग निवांत. आधी सह्या, मंग सभा. तूच तं सुरू केलं ना हे."

गोपिकाने एका हाताने बाळाचं डोकं धरलं आणि दुसऱ्या हाताने सही केली. बाळ उठू नये म्हणून तिने पेन अगदी हळू चालवलं. त्यामुळे सही फार सुरेख आली.

डिसेंबरात बापूरावांची कंबर धरली. त्या सकाळी ते आले नाहीत. गोपिका बाळाला खांद्यावर टाकून निघेपर्यंत आचल पुढे धावली होती. नालीशी थांबली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, उचलायला कोणी नाही असं बघून तिने फ्रॉक दोन्ही मुठींत धरला आणि उडी मारली. एक चप्पल नालीत गेली. आचल पलीकडे होती.

"आई, मी मोठी झाली," ती तिथून ओरडली.

गोपिकाला आनंद झाला, आणि का कोण जाणे, रडूही आलं. सव्वा हाताची नाली ओलांडायला लेकीला एक वर्ष लागलं होतं. पंचायतीला अजून लागत होतं.

सव्वीस जानेवारीला ती दोन्ही लेकरांना घेऊन सभेला गेली. आचलचं भागलं होतं, पण खांद्यावरचं बाळ होतं, आणि बाकीची सोळा होती. बापूरावांची कंबर धरलेलीच असल्याने या खेपेला रजिस्टर फिरलं नव्हतं. बुंदी संपल्यावर सहा जण उरले. सभा तहकूब झाली, चहा झाला, तहकूब सभा सुरू झाली, आणि सचिवांनी मागच्या, म्हणजे दोन ऑक्टोबरच्या सभेचं इतिवृत्त वाचलं.

"ठराव क्रमांक नऊ. सौ. गोपिका ज्ञानेश्वर यांनी सभेत समक्ष उपस्थित राहून निवेदन केले की, त्यांची मुलगी आता नाली स्वतः ओलांडते, सबब पुलाची आवश्यकता उरलेली नाही. टाळ्यांच्या गजरात विषय बंद करण्यात आला."

"मी कवा म्हटलं असं?" गोपिका उभी राहिली. "दोन ऑक्टोबरले मी बाळंतीण होतो, साहेब. घराबाहेर पाय नोता ठेवला मी."

सचिवांनी रजिस्टर तिच्याकडे वळवलं. अक्षर तिचंच होतं. त्या पानावरच्या एकशे एक्कावन्न सह्यांत तिच्याइतकी सुरेख सही कोणाचीच नव्हती.

"आणि मुलगी ओलांडते ना?" सचिवांनी विचारलं.

आचलने मान डोलावली. ती खोटं बोलत नसे.

"हे थांबवा साहेब. माहा आक्षेप लिहून घ्या."

"आक्षेप हा नवीन विषय झाला," सचिव म्हणाले. "आजची सभा तहकूब आहे."

सुलोचनाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "होते वं पोरी." कमरेला पट्टा बांधून आलेल्या बापूरावांनी खिशातून पेन काढलं. "एक मेले मूळ सभा करून घेऊ. चाल, तू सोबत अशीन तं सह्या आताच होतेत."

गोपिकाने पेनाकडे पाहिलं, घेतलं नाही. बाळाला खांद्यावर सारखं केलं, आचलचं बोट धरलं आणि एकटीच निघाली. सही नको, तिने दारोदार सांगितलं. एक मेला माणूस पाहिजे, अर्धा तास, सतरंजीवर. देवकाबाई म्हणाली, "येतो म्हणलं असतं वं, पण रजिस्टरच आण ना, लगेच करतो." चक्कीवाला हिरालाल म्हणाला, "तुह्यासाठी दोन सह्या करतो ताई, बायकोची बी." रीता लेकराला कडेवर घेऊनच दारात आली, सगळं ऐकून घेतलं, आणि विचारलं, "अंगठा चालन का? हात गुंतला हाये."

आता ती तुमच्या दारात आली आहे. बाळ खांद्यावर झोपलंय आणि आचल फ्रॉक मुठींत धरून तुमचा उंबरा ओलांडायच्या तयारीत आहे. गोपिका सगळं पहिल्यापासून सांगते. तुम्ही मनापासून ऐकता, मधे दोनदा हसता, सचिवांना चार शब्दही ऐकवता. आणि तिचं बोलणं संपायच्या आत तुमचा हात खिसा चाचपू लागतो, पेन कुठे ठेवलं म्हणून.